अकेडियन लोकांना हाकलून का दिलं? इंग्रज-फ्रेंच भांडणात भरडले गेलेले शेतकरी

सध्या आपल्याकडची बरीच पोरं कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, फ्रेंच शिकतायत. २०२३ पासून कॅनडाने एक्सप्रेस एंट्री ह्या पीआरच्या योजनेत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी कॅटेगरीच केली आणि तिथला कट-ऑफ बराच खाली लागतो, त्यामुळे आई-वडीलसुद्धा विचारायला लागलेत की फ्रेंच म्हणजे क्यूबेकच ना? तर नाही. क्यूबेकच्या शेजारी न्यू ब्रन्सविक म्हणून प्रांत आहे, तिथे साधारण तीस टक्के लोकांची मातृभाषा फ्रेंच आहे आणि कॅनडातला अधिकृतपणे द्विभाषिक असलेला तो एकमेव प्रांत आहे. पण तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या माणसाला तुम्ही क्यूबेकचे का असं विचारलंत तर त्याला ते आवडणार नाही, तो म्हणेल मी अकेडियन. त्यांचा झेंडा वेगळा, राष्ट्रगीत वेगळं, आणि देश मात्र नकाशावर कुठेच नाही.

हे लोक कोण, आणि त्यांचा देश गेला कुठे, हे समजून घ्यायचं तर अडीचशे-पावणेतीनशे वर्षं मागे जावं लागतं. इंग्लंड आणि फ्रान्स जगभर एकमेकांच्या उरावर बसले होते, आपल्याकडे तेव्हाच्या कर्नाटकातसुद्धा, म्हणजे मद्रास-अर्काटच्या मुलखात, तेच चालू होतं, त्या काळात. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो कारण इतिहासाच्या पुस्तकात आपण लढाया आणि तह वाचतो, पण तहाच्या कागदावर जे गाव ह्याच्याकडून त्याच्याकडे जातं त्या गावात राहणाऱ्याचं काय होतं हे अकेडियन लोकांच्या बाबतीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचित दिसतं.

जागा कुठली आणि माणसं कुठली

कॅनडाच्या नकाशात उजवीकडे अटलांटिकला लागून नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड असे तीन प्रांत आहेत. साधारण ह्या पट्ट्याला फ्रेंच लोक अकेडी म्हणायचे. मूळ रहिवासी मिकमॉ, हजारो वर्षांपासून तिथे राहणारे, आणि त्यांना कोणी काही विचारलं नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळी गोष्ट दोन युरोपियन राजांभोवती फिरते आणि हा मुद्दा बाजूला पडतो.

१६०४ मध्ये फ्रेंचांची पहिली तुकडी आली, एका छोट्या बेटावर उतरली आणि त्या पहिल्याच हिवाळ्यात जवळपास निम्मी माणसं स्कर्व्हीने मेली, म्हणजे ताजं अन्न नसल्यामुळे हिरड्या सडून. उरलेल्यांनी १६०५ मध्ये खाडी ओलांडून पोर्ट रॉयल वसवलं. मिकमॉ लोकांशी त्यांचं जमलं, व्यापार झाला, काही लग्नंही झाली. पण शेतकरी कुटुंबं यायला लागली ती १६३० च्या दशकात, आणि तीही फार नाहीत. १६७१ च्या शिरगणतीत सगळे मिळून चारशेच्या आसपास लोक होते. १७५५ पर्यंत त्यांचेच साधारण १४,००० झाले. बाहेरून फारसं कोणी आलं नव्हतं, फक्त खायला भरपूर होतं आणि पोरं जगत होती, त्या काळात युरोपातल्या गावांना हे दोन्ही सहज मिळत नव्हतं.

समुद्राकडून घेतलेली शेती

आता खायला भरपूर का होतं, तर ह्या लोकांची शेती करण्याची पद्धत. तिथे फंडीचा उपसागर आहे, तिथली भरती जगात सगळ्यात मोठी, काही ठिकाणी पाणी १६ मीटरपर्यंत चढतं, म्हणजे पाच मजली इमारतीएवढं, आणि दिवसातून दोनदा. ओहोटीला मैलोन् मैल गाळाची सपाट जमीन उघडी पडते. बाकीच्या युरोपियनांनी जंगल तोडून शेती केली असती, ह्यांनी ती गाळाची जमीन बांध घालून समुद्रापासून वेगळी केली.

कोकणातल्या वाचकाला हे दोन वाक्यांत कळेल, कारण आपली खार जमीन अगदी हीच आहे. रायगडला खाडीकाठी बांधबंदिस्ती असते, बांधात उघाडी असते, गोव्यात खाजनाच्या बांधाला मानस असते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. अकेडियन लोक त्याला अबुआतो म्हणायचे. बांधाच्या तळाशी एक लाकडी मोरी, बऱ्याचदा मोठं खोड पोखरून केलेली, आणि तिच्या आत वरून टांगलेली लाकडी झडप. ओहोटी लागली की आतलं गोडं पाणी झडपेला बाहेर ढकलतं आणि ती उघडते, भरती आली की समुद्राचं पाणी बाहेरून दाबतं आणि ती बंद होते. माणसाला रात्री उठून जावं लागत नाही. बांध सुद्धा नुसत्या मातीचा नाही, खाऱ्या गवताची मुळांसकट चौकोनी ढेकळं खास फावड्याने कापायची आणि विटांसारखी रचायची, मग मुळं एकमेकांत गुंततात आणि बांध पक्का होतो.

बांध घातला की लगेच पीक येत नाही हेही आपल्याकडे माहीतच आहे. पावसाने मीठ धुऊन जायला दोन-तीन वर्षं लागतात. पण एकदा जमीन गोडी झाली की गहू असा यायचा की खताची गरज नाही. आणि हे काम एकट्या घराचं नाहीच, सगळ्या गावाने मिळून करायचं, बांधाला खांड पडली तर सगळ्यांनी धावायचं. त्यामुळे हे लोक एकमेकांना घट्ट बांधलेले होते, आणि त्या जमिनीलाही. पुढे जेव्हा ते म्हणतात आम्ही इथून जाणार नाही आणि कोणासाठी लढणारही नाही, तेव्हा त्याच्यामागे तीन-चार पिढ्यांची ही मेहनत आहे.

मग भांडण कशाचं होतं?

इंग्रज आणि फ्रेंचांना गव्हाची शेतं नको होती. त्यांना हवा होता कॉड मासा, बीव्हरची कातडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेंट लॉरेन्स नदीच्या तोंडावरचा ताबा, कारण त्या नदीने वर गेलं की क्यूबेक. फ्रेंचांसाठी अकेडी म्हणजे क्यूबेकची चौकी, आणि बॉस्टनच्या इंग्रज व्यापाऱ्यांसाठी अकेडी म्हणजे डोक्यावर बसलेला शत्रू.

म्हणून ती जागा सारखी हात बदलत राहिली. १६१३ मध्ये व्हर्जिनियाहून इंग्रज आले आणि पोर्ट रॉयल जाळून गेले. १६२१ मध्ये इंग्लंडच्या राजाने तीच जमीन एका स्कॉटिश सरदाराला देऊन टाकली, नोव्हा स्कोशिया हे नाव तेव्हाचं. १६३२ ला फ्रान्सला परत. १६५४ ला इंग्रजांनी घेतली, १६६७ च्या ब्रेडाच्या तहात परत दिली. १६९० ला पुन्हा घेतली, १६९७ ला पुन्हा परत. १७१० मध्ये पोर्ट रॉयल पडलं ते कायमचं, आणि १७१३ च्या युट्रेक्टच्या तहाने अकेडी इंग्लंडची झाली. तहात लिहिलं, अकेडी तिच्या जुन्या सीमांसकट. पण त्या जुन्या सीमा कुठल्या हे कोणी लिहिलंच नाही! इंग्रज म्हणाले आजचं न्यू ब्रन्सविकसुद्धा त्यात आलं, फ्रेंच म्हणाले फक्त द्वीपकल्प, आणि शेजारचं केप ब्रेटन बेट फ्रान्सकडेच राहिलं, तिथे त्यांनी लुइसबर्ग नावाचा प्रचंड किल्ला बांधायला घेतला.

आता ह्या सगळ्यात गावातल्या माणसाने काय शिकावं? त्याच्या आजोबाने, बापाने बघितलंय की झेंडा बदलतो आणि दहा-पंधरा वर्षांनी परत बदलतो. जो कोणी एका बाजूने उघडपणे उभा राहिला तो दुसरी बाजू आल्यावर मेला. तर शहाणपण कशात, कोणाच्याच बाजूने हत्यार न उचलण्यात. हा भित्रेपणा अजिबात नव्हता, अनुभवातून आलेलं राजकारण होतं ते.

शपथेचा घोळ

इथे एकच तांत्रिक गोष्ट समजून घ्यायची, निष्ठेची शपथ. त्या काळी राजा बदलला की प्रजेने नव्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची असायची. अकेडियन शपथ घ्यायला नाही म्हणत नव्हते. त्यांची अट होती की आम्हाला फ्रेंचांविरुद्ध किंवा मिकमॉंविरुद्ध हत्यार उचलायला लावू नका, आणि आमचा कॅथलिक धर्म आम्हाला पाळू द्या. अट रास्त होती. फ्रेंच म्हणजे नात्यागोत्याची माणसं, आणि मिकमॉंच्या मध्ये तर ते राहत होते, त्यांच्यावर बंदूक रोखून दुसऱ्या दिवशी शेतात कसं जाणार.

१७३० च्या सुमाराला गव्हर्नर रिचर्ड फिलिप्सने हा प्रश्न मिटवला. त्याने लोकांकडून लेखी शपथ घेतली, त्यात अट नव्हती, पण तोंडी वचन दिलं की तुम्हाला लढायला लावणार नाही. लंडनला कागद गेला त्यात बिनशर्त शपथ, गावात लोकांच्या लक्षात राहिलं ते वचन. दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटत होतं, आणि पंचवीस वर्षं सगळ्यांनी ते तसंच चालू दिलं. इंग्रज स्वतः त्यांना फ्रेंच न्यूट्रल म्हणायचे.

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की एवढंच होतं तर हे लोक आधीच निघून का नाही गेले? युट्रेक्टच्या तहात एक वर्षाची मुदत होती, सामान घेऊन जायला परवानगी होती. तर इंग्रज अधिकाऱ्यांनीच त्यांना अडवलं. कारण तिथल्या इंग्रज सैन्याच्या तुकडीला धान्य-मांस कोण देणार, आणि हे लोक लुइसबर्गला गेले तर फ्रेंचांची ताकद वाढणार. म्हणजे जाऊ दिलं नाही ते इंग्रजांनीच, आणि चाळीस वर्षांनी हे इथे का आहेत म्हणून त्यांना काढलंही इंग्रजांनीच. मला ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त राग येतो तो ह्या ठिकाणी.

मद्रासच्या बदल्यात लुइसबर्ग

हे भांडण तिथलं एकट्याचं नव्हतं. १७४४ ला युद्ध सुरू झालं, १७४५ मध्ये बॉस्टनकडच्या इंग्रज वसाहतींनी स्वतःची माणसं पाठवून लुइसबर्ग जिंकला. १७४६ मध्ये फ्रेंचांनी आपल्याकडे मद्रास जिंकलं. १७४८ च्या तहात अदलाबदल झाली, इंग्लंडला मद्रास परत, फ्रान्सला लुइसबर्ग परत. बॉस्टनवाल्यांचा संताप झाला, इतकी माणसं मेली आणि किल्ला हिंदुस्थानातल्या एका ठाण्यासाठी देऊन टाकला. तेव्हापासून त्यांनी धरलं की फ्रेंचांचा आणि फ्रेंच बोलणाऱ्यांचा प्रश्न एकदाचा मिटवायचा.

माणसंसुद्धा तीच बघा. अॅडमिरल बॉस्कावेनने १७४८ मध्ये पाँडिचेरीला वेढा घातला होता, तो फसला, मग १७४९ ला फ्रेंचांकडून मद्रास ताब्यात घेणारा तोच. आणि जुलै १७५५ मध्ये अकेडियन लोकांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या, नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्सच्या बैठकीत बसलेला तोच. १७४९ मध्ये हॅलिफॅक्स वसवणारा गव्हर्नर एडवर्ड कॉर्नवॉलिस हा पुढे टिपूशी लढलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसचा काका. ह्या एडवर्डने मिकमॉंना मारणाऱ्याला इनाम जाहीर केलं होतं. त्याचा पुतळा हॅलिफॅक्समधून २०१८ मध्ये काढला गेला.

१७५५ चा उन्हाळा

कॉर्नवॉलिसने आल्या आल्या बिनशर्त शपथ मागितली, लोकांनी नाही म्हटलं, प्रकरण लोंबकळत राहिलं. दुसऱ्या बाजूने फ्रेंचही त्यांना सुखाने बसू देत नव्हते. ल लूत्र नावाचा एक पाद्री मिकमॉंना इंग्रजांविरुद्ध उभं करत होता, आणि अकेडियन लोकांनी फ्रेंचांच्या हद्दीत यावं म्हणून १७५० मध्ये बोबासां हे आख्खं गाव जाळण्यात आलं, इंग्रजांनी नव्हे, फ्रेंचांच्या बाजूने. चिग्नेक्टो नावाच्या चिंचोळ्या भूपट्टीवर मधे एक छोटी नदी, एका काठावर इंग्रजांचा फोर्ट लॉरेन्स, दुसऱ्या काठावर फ्रेंचांचा फोर्ट बोसेजूर, आणि मधल्या गावातल्या माणसाला दोघंही विचारणार तू कोणाचा.

जून १७५५ मध्ये कर्नल मॉंकटनने बोसेजूर जिंकला आणि आत दोन-तीनशे अकेडियन हत्यारांसकट सापडले. त्यांचं म्हणणं, फ्रेंच कमांडरने फाशीची धमकी देऊन आम्हाला उभं केलं, आणि शरणागतीच्या अटींमध्ये ते मान्य करून त्यांना माफीसुद्धा लिहून दिली होती. पण नोव्हा स्कोशियाचा लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स, त्याला जे हवं होतं ते मिळालं. बघा, न्यूट्रल म्हणवतात आणि किल्ल्यात सापडतात.

त्याआधीच गावोगावच्या लोकांच्या बंदुका आणि होड्या काढून घेतल्या होत्या. लोकांनी अर्ज केला की बंदुका परत द्या, जनावरांपासून रक्षणाला लागतात. अर्ज घेऊन आलेल्या प्रतिनिधींना जुलैच्या सुरुवातीला हॅलिफॅक्समध्ये उभं केलं आणि म्हटलं आत्ताच्या आत्ता बिनशर्त शपथ घ्या. ते म्हणाले, गावाला विचारल्याशिवाय आम्ही कसं सांगणार. दुसऱ्या दिवशी ते शपथ घ्यायला तयार झाले, तर त्यांना सांगितलं, आता उशीर झाला, एकदा नाही म्हटलेल्या कॅथलिकाला पुन्हा शपथ देता येत नाही, आणि कैदेत टाकलं. शपथ हेच जर कारण होतं तर ती घ्यायला तयार असलेल्या माणसाला कैदेत का टाकलं, ह्याचं उत्तर मला कुठेच पटेल असं मिळत नाही. त्याच दिवसांत ओहायोकडे जनरल ब्रॅडॉकचं इंग्रज सैन्य फ्रेंचांनी धुळीला मिळवल्याची बातमी येत होती, भीती होती हे खरं, ती नाकारत नाही. २८ जुलै १७५५ ला कौन्सिलने, म्हणजे गव्हर्नरच्या सल्लागार मंडळाने, एकमताने ठरवलं की सगळ्यांना हलवायचं. आणि फ्रान्सला किंवा क्यूबेकला नाही, कारण तिथे गेले तर शत्रूला माणसं मिळतील. वेगवेगळ्या इंग्रज वसाहतींमध्ये वाटून टाकायचं म्हणजे पुन्हा एकत्र येणार नाहीत.

ग्राँ प्रेचं चर्च

सगळ्या गावांमध्ये साधारण तेच घडलं, पण ग्राँ प्रे ह्या गावाचं सगळ्यात तपशीलवार माहीत आहे कारण तिथला अधिकारी कर्नल जॉन विन्स्लो रोजनिशी लिहायचा. तो ऑगस्टमध्ये आला, चर्चमध्ये तळ ठोकला, गावकऱ्यांना देवाच्या वस्तू तिथून हलवायला सांगितल्या. लोकांना काही कल्पना नव्हती, कापणीचे दिवस होते, ती होऊ दिली. मग निरोप काढला, ५ सप्टेंबरला दुपारी तीन वाजता दहा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांनी चर्चमध्ये यायचं, राजाचा हुकूम वाचायचाय. ४१८ जण आले. दारं बंद झाली. मग वाचून दाखवलं की तुमच्या जमिनी, घरं, गुरं सगळं सरकारजमा, फक्त पैसे आणि जहाजात जागा असेल तेवढं घरसामान बरोबर नेता येईल, आणि तुम्हाला ह्या प्रांतातून काढण्यात येत आहे. विन्स्लोने लिहून ठेवलंय की हे काम त्याच्या स्वभावाला फार नकोसं होतं. केलं मात्र त्याने नीट.

जहाजं यायला उशीर झाला म्हणून पुरुषांना आठवडे न् आठवडे कोंडून ठेवलं, घरच्या बायका त्यांना जेवण आणून देत होत्या. १० सप्टेंबरला उठाव होईल ह्या भीतीने तरुण पोरांना आधी जहाजावर चढवायचं ठरलं, १४१ पोरं. ती म्हणाली बापाशिवाय जाणार नाही. बंदुकीला संगिनी लावून त्यांना किनाऱ्यापर्यंत चालवलं, दीडेक मैल, रस्त्याच्या दोन्ही बाजूला बायका-मुलं गुडघ्यावर बसून रडतायत, प्रार्थना म्हणतायत. ऑक्टोबरमध्ये बाकीच्यांना चढवलं. हिशोब होता जहाजाच्या दर टनामागे दोन माणसं, प्रत्यक्षात त्याहून जास्त कोंबली, आणि मग घरसामान किनाऱ्यावरच पडून राहिलं. कुटुंबं शक्यतो एकत्र ठेवायची असं विन्स्लोच्या मनात होतं तरी गर्दीत तुटलीच, त्यातही आजी-आजोबा, काका, लग्न झालेली बहीण हे कुटुंबात मोजलेच नाहीत, आणि अकेडियन गाव म्हणजे तर सगळं आख्खं एकच नातं.

मागे वळून यायला काही राहू नये म्हणून गावं पेटवली. ग्राँ प्रेभोवतीच्या मिनास परिसरातली २५५ घरं, २७६ कोठारं, ११ गिरण्या, असा हिशोब विन्स्लोनेच ठेवलाय.

पण ते खरंच फितूर नव्हते का?

हा आक्षेप येतोच, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. काही जण नक्कीच फ्रेंचांना मिळालेले होते. १७४७ च्या हिवाळ्यात ग्राँ प्रेमध्ये झोपलेल्या इंग्रज तुकडीवर फ्रेंच आणि मिकमॉंनी हल्ला केला तेव्हा काही अकेडियनांनी वाट दाखवली होती. पण दुसऱ्या काहींनी इंग्रजांना आधी सावध केलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. बोसोलेय ह्या नावाने ओळखला जाणारा जोसेफ ब्रुसार तर उघड लढला, हद्दपारीनंतर जास्तच. पण ज्या ग्राँ प्रे आणि पोर्ट रॉयलच्या लोकांनी बंदुका मुकाट्याने देऊन टाकल्या, ज्यांनी एवढी वर्षं इंग्रज सैन्याला धान्य विकलं, त्यांनाही तीच शिक्षा. म्हणजे कोणी काय केलं हे बघितलंच नाही, कोण कुठल्या भाषेचा आणि धर्माचा एवढं बघितलं.

दुसरा प्रश्न, लंडनने हुकूम दिला होता का. आधीपासून नाही. ऑगस्टमध्ये लंडनहून जपून वागा, असं सांगणारं पत्र निघालं होतं, ते पोचेपर्यंत बहुतेक जहाजं निघून गेली होती. पण लंडनने लॉरेन्सला खडसावलंही नाही, उलट १७५६ मध्ये त्याला पूर्ण गव्हर्नर केलं. तेव्हा हे एका तापट अधिकाऱ्याचं काम म्हणून सोडून देता येत नाही.

तिसरा, युद्धात असं होतंच. सैनिकांना कैद होते, गावं जळतात, खरंय. पण इंग्लंड-फ्रान्स युद्ध अधिकृतपणे जाहीर झालं १७५६ मध्ये, ही माणसं निघाली १७५५ मध्ये, आणि कायद्याने ती ब्रिटिश राजाचीच प्रजा होती.

कुठे गेली माणसं

१७५५ मध्ये सहा-सात हजार, आणि १७६३ पर्यंत धरून दहा हजारांवर लोक हलवले गेले. बाकीचे जंगलात पळाले, क्यूबेककडे गेले, उपासमारीत मेले. पेम्ब्रोक नावाच्या जहाजावर तर कैद्यांनी खलाशांवर मात करून जहाज ताब्यात घेतलं आणि २३२ जण न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्याला लागले.

ज्या वसाहतींकडे पाठवलं त्यांना आधी कळवलंच नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये पोरांना दुसऱ्यांच्या घरी कामाला लावलं. फिलाडेल्फियाला जहाजं नदीतच थांबवून ठेवली, लोक देवीच्या रोगाने मरत होते. व्हर्जिनियाने उतरूच दिलं नाही, तिथले हजाराहून जास्त लोक इंग्लंडला पाठवले आणि लिव्हरपूल, ब्रिस्टलसारख्या बंदरांत सात वर्षं ठेवले. १७५८ मध्ये लुइसबर्ग पुन्हा पडला, ह्या वेळी समुद्रातून आलेला तोच बॉस्कावेन, आणि मग प्रिन्स एडवर्ड आयलंडची पाळी आली. तिथून फ्रान्सला निघालेली ड्यूक विल्यम आणि व्हायोलेट ही जहाजं डिसेंबरमध्ये बुडाली, एकट्या ड्यूक विल्यमवर साडेतीनशेहून जास्त माणसं गेली.

फ्रान्सला पोचलेल्यांना तरी घर मिळालं का? कोणाला बेल-इलच्या बेटावर जमीन दिली, कोणाला पोआतूच्या नापीक माळावर, काही कुटुंबं तर थेट फॉकलंड बेटांपर्यंत गेली. पिढ्यान् पिढ्या अमेरिकेत वाढलेल्या ह्या लोकांना फ्रान्स परका वाटला. शेवटी १७८५ मध्ये सात जहाजांतून साधारण १,६०० जण लुइझियानाला निघाले, तिथे बोसोलेयबरोबर गेलेले दोनेकशे लोक १७६५ पासून होतेच. लुइझियाना तेव्हा स्पेनकडे गेलं होतं आणि स्पेनला इंग्रजांना न मिळणारे कॅथलिक शेतकरी हवेच होते. आज ज्यांना केजन म्हणतात ते ह्यांचे वंशज. पुढे १९२१ च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांमधून फ्रेंच बंद झाली, मग १९६८ पासून सरकारनेच ती पुन्हा शिकवायला घेतली.

बांध कोण दुरुस्त करणार?

रिकाम्या जमिनीवर १७६० पासून न्यू इंग्लंडमधले काही हजार इंग्रज शेतकरी आणून बसवले, फुकट जमीन देऊन. पण नोव्हेंबर १७५९ च्या वादळात बांधांना खांडी पडल्या होत्या, खारं पाणी शेतात शिरलं होतं, आणि नव्या मालकांना बांध घालता येत नव्हता. मग काय केलं, तर कैदेत असलेल्या अकेडियनांनाच आणून त्यांच्याच शेतांचे बांध त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतले. ज्याने जमीन तयार केली तो तिथे मजूर, आणि मालक दुसराच.

१७६४ मध्ये परत यायला परवानगी मिळाली, बिनशर्त शपथ घेऊन, आणि छोट्या छोट्या गटांत विखरून राहायचं ह्या अटीवर. जुनी गावं मिळाली नाहीत. मग ते खडकाळ किनाऱ्यांवर बसले, शेतकऱ्यांचे कोळी झाले. पुढची शंभर वर्षं त्यांचं नाव कुठे फारसं येत नाही. १८८१ मध्ये पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरलं आणि १५ ऑगस्ट हा राष्ट्रीय दिवस ठरला, मेरीमातेच्या सणाचा दिवस म्हणून. १८८४ मध्ये फ्रान्सच्या तिरंग्यावर सोनेरी तारा लावून झेंडा केला. १९६० मध्ये लुई रोबिशो हा अकेडियन माणूस न्यू ब्रन्सविकचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, म्हणून निवडून आला, मोन्क्टनमध्ये फ्रेंच विद्यापीठ झालं, आणि १९६९ मध्ये प्रांत द्विभाषिक झाला. आज तिकडे सरकारी पाटीवर दोन भाषा दिसतात त्या अशा आल्या आहेत.

मिकमॉंनी इंग्रजांशी १७६०-६१ मध्ये मैत्रीचे करार केले, त्यात जमीन दिल्याचा शब्द नाही. १९९९ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने त्याच करारांच्या आधारावर त्यांचा मासेमारीचा हक्क मान्य केला, आणि त्यावरून तिथल्या बंदरांवर लॉबस्टरच्या हंगामात अजून तंटे होतात.

मग माफी मागितली का?

लुइझियानातले एक केजन वकील, वॉरन पेरिन, यांनी १९९० मध्ये ब्रिटनच्या राणीकडे अर्ज केला. नुकसानभरपाई मागितली नव्हती, चूक झाली एवढं कबूल करा म्हटलं होतं. डिसेंबर २००३ मध्ये कॅनडाच्या गव्हर्नर जनरलने राणीच्या नावाने घोषणापत्र काढलं, त्यात हद्दपारी आणि तिचे परिणाम मान्य केले, आणि २८ जुलै हा दरवर्षी स्मरणदिन ठरवला, म्हणजे कौन्सिलने निर्णय घेतला तीच तारीख. २०१२ मध्ये ग्राँ प्रेचे बांध आणि शेतं, सुमारे १,३०० हेक्टर, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि तिथे आजही पीक घेतात. पण त्या घोषणापत्रात माफी हा शब्द नाही, उलट ह्यातून सरकारवर कुठलीही कायदेशीर किंवा आर्थिक जबाबदारी येत नाही असं स्पष्ट लिहिलंय. ज्यांनी पैसा मागितलाच नव्हता त्यांच्यासमोर हे वाक्य घालायची गरज नव्हती असं माझं मत आहे. अनेक अकेडियनांनी मात्र घोषणापत्र स्वीकारलं, कारण ही हद्दपारी झाली होती आणि ती राजाच्या नावाने झाली होती हे सरकारी कागदावर यायला त्यांना अडीचशे वर्षं लागली होती.